लिलावातील तारण मालमत्ता : दोष व कर्जतूट

थकलेल्या कर्जापोटी बँकेने विकायला काढलेल्या घराच्या वा गाळ्याच्या व्यवहारात उणीव दोन ठिकाणी राहते : मालमत्तेत आणि वसुलीत. पहिली लिलावात घेणाऱ्याच्या गळ्यात पडते, दुसरी कर्जदार व जामीनदार यांच्या.

अशी विक्री बहुधा २००२च्या सरफेसी कायद्याखाली, न्यायालयात न जाता होते. कलम १३(२)ची साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मूल्यांकन, राखीव किंमत आणि ई-लिलाव असा तिचा क्रम. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

दोष. साध्या खरेदीखतात विकणाऱ्याला माहीत असलेले छुपे दोष सांगावे लागतात. लिलावात ‘जशी आहे, जेथे आहे’ ही अट असते. बँकेने स्वतःला ठाऊक असलेले बोजे जाहीर करायचे. बाकीचा शोध खरेदीदाराने घ्यायचा. सोसायटीची देखभाल-थकबाकी, महापालिकेचा मालमत्ता कर, भोगवटा प्रमाणपत्राचा अभाव, मंजूर नकाशात नसलेला पोटमाळा हे नेहमीचे दोष. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. नैनन प्रकरणात स्पष्ट केले, की आधीच्या मालकाचे थकलेले वीजबिल भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट नियमांत असेल, तर ती लिलावात घेणाऱ्यावरही लागू होते.

सर्वांत महाग दोष मात्र भिंतीत किंवा कागदात नसतो, तो ताब्यात असतो. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे छापलेले असेल, तर दारावर नोटीस चिकटवलेली असते आणि आत कुटुंब राहत असते. कलम १४खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत पैसे अडकतात. राखीव किंमत बाजारभावापेक्षा कमी दिसते त्याचे कारण पुष्कळदा हेच. बोली लागली, की बयाण्यासह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायची असते. ही मुदत संमतीने तीन महिन्यांपर्यंत वाढते. चुकल्यास भरलेले पैसे जप्त. त्यामुळे सूची क्रमांक दोन, सोसायटीचे खाते आणि कर्जवसुली न्यायाधिकरणातले अर्ज बोलीआधीच पाहावे लागतात.

तूट. समजा, येणे ६५ लाख आणि घर ४२ लाखांना गेले. विक्रीचा खर्च आधी वळता होतो, मग कर्ज. उरलेल्या २३ लाखांहून अधिक रकमेसाठी बँक कलम १३(१०)खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. घर गेले म्हणजे कर्ज फिटले, ही समजूत चुकीची आहे. जामीनदाराला तर घर विकले जाईपर्यंतही उसंत नाही. कलम १३(११) बँकेला थेट त्याच्याकडे जाण्याची मुभा देते.

जास्त किंमत आली, तर वरची रक्कम हक्कदाराला परत मिळते. सगळे येणे चुकवून मालमत्ता सोडवून घेण्याची कर्जदाराची संधी मात्र २०१६च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात तेच कायम केले.