बाळाचें पहिलें दुपटें

लढाया, तह आणि राजवंश यांचा इतिहास आपण आवडीनें वाचतों; परंतु ज्या गोष्टींमुळें घरोघर माणसें जगलीं किंवा मेलीं, त्यांच्या इतिहासाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. जन्मणाऱ्या बाळासाठीं जें पहिलें वस्त्र काढून ठेवावयाचें, तें कसलें असावें, तें कोणीं धुवावें आणि कसें धुवावें, हा प्रश्न माजघरांतला म्हणून क्षुल्लक समजला जातो. तथापि 'शुद्ध' म्हणजे काय आणि 'स्वच्छ' म्हणजे काय, याविषयीं एखाद्या समाजाच्या मनांत कोणत्या कल्पना असतात, याचा उलगडा बाळंतिणीच्या खोलींतील कपड्यांवरून जितका होतो, तितका धर्मग्रंथांवरूनही होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून या विषयाचा थोडा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपले जुने वैद्यकग्रंथ पाहूं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीचा नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार बांधून तयार ठेवावें व प्रसूतीस लागणारें साहित्य आगाऊ जमवावें, असें सांगितलें आहे. पुढें बाळाच्या अंथरूण-पांघरुणाचा विचार येतो. तें मऊ, हलकें, स्वच्छ व सुवासिक असावें. घाम, मळ, जंतु किंवा मलमूत्र यांनीं दूषित झालेलें असल्यास वर्ज्य करावें. येथपर्यंतचा उपदेश कोणीही केला असता. परंतु ग्रंथकार येथेंच थांबत नाहीं. सर्वांनाच दरवेळीं नवें वस्त्र मिळणार नाहीं, हें त्यास ठाऊक आहे. म्हणून तो सांगतो कीं, दुसरें मिळणें शक्य नसेल तर तेंच वस्त्र चांगलें धुऊन, धुरी देऊन आणि पूर्ण वाळवून पुन्हा उपयोगांत आणावें. धुरीसाठीं जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादि द्रव्यें तुपांत कालवून वापरावयाचीं असतात. सुश्रुतानेंही नवजात बालकास क्षौम वस्त्रांत गुंडाळून क्षौम वस्त्राच्याच अंथरुणावर निजवावें असें म्हटलें असून, प्रसूतीच्या वेळीं जवळ राहणाऱ्या चार स्त्रिया वयस्क, कुशल आणि नखें कापलेल्या असाव्यात, अशी अट घातली आहे.

चरकाच्या धुरीच्या यादींत सापाची कातही आहे. तेव्हां आधुनिक जंतुशास्त्र आमच्या पूर्वजांस अवगत होतें, असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. मात्र एवढें निश्चित कीं, या ग्रंथकारांच्या दृष्टीनें बाळाच्या वस्त्राची कसोटी एकच होती: तें प्रत्यक्ष धुतलेलें, कोरडें आणि निर्मळ आहे किंवा नाहीं.

मराठी घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं ही परंपरा पुष्कळ अंशीं सांभाळली. बाळाचें पहिलें वस्त्र कोरें नसावें, जुन्या धोतराचें किंवा लुगड्याचें असावें, हा दंडक त्यांचाच. अनेक वेळां धुऊन मऊ झालेलें सूत बाळाच्या कातडीस खुपत नाहीं, पाणी चटकन् शोषून घेतें, आणि कोऱ्या कापडाची खळ त्यांत उरलेली नसते. बाळोतीं घरच्या इतर कपड्यांहून निराळीं धुवावयाचीं, रिठ्याच्या किंवा शिकेकाईच्या पाण्यांत चोळावयाचीं, कडक उन्हांत वाळवावयाचीं, आणि शेवटीं ओवा, बाळंतशेपा, वावडिंग किंवा ऊद यांच्या धुरीवर धरावयाचीं. परटाची रीत याहूनही उत्तम होती. तो कपडे साजीखाराच्या किंवा पापडखाराच्या पाण्यांत भिजवी, भट्टीवर त्यांचा ढीग रचून त्यांतून रात्रभर वाफ खेळवी, आणि सकाळीं वाहत्या पाण्यांत खडकावर आपटून उन्हांत पसरी. खारानें तेलकट मळ सुटे, वाफेनें बहुतेक रोगजंतु मरत. त्याला जंतूचें नांवही माहीत नव्हतें. पण त्याची भट्टी आपलें काम करीत होती.

मग घोटाळा कोठें झाला? आमच्या मतें तो 'शुद्धि' आणि 'स्वच्छता' या दोन कल्पनांची फारकत झाली तेथें झाला. मूल जन्मतांच घराला दहा दिवसांचें सोयर येतें. बाळंतीण अस्पर्श होते. त्या खोलींतील प्रत्येक वस्तूस विटाळ होतो. जें वस्त्र एकदां त्या खोलींत गेलें, तें पुन्हा घरांत घेण्यासारखें राहिलें नाहीं. तें एक तर टाकावयाचें, नाहीं तर सुईणीस द्यावयाचें. आतां जें टाकून द्यावयाचेंच आहे, तें चांगलें कोण देईल? म्हणून घरांतील सर्वांत फाटकी वाकळ, अडगळींत पडलेलें चिरगूट, मोडकी बाज आणि वाऱ्याचा रिघाव नसलेली कोपऱ्यांतली खोली, हीं बाळंतिणीच्या वांट्यास येऊं लागलीं. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. श्रीमंताच्या वाड्यांतही हाच हिशेब चाले. धुतलेलें सोंवळें देवघरांत वाळत असे, आणि घरचा वंश ज्या कापडावर जन्मास यावयाचा तें धुळींत पडून असे.

यांत भर पडली ती दृष्ट लागण्याच्या भीतीची. मूल जन्मण्यापूर्वीं त्याच्यासाठीं कांहीं शिवूं नये, कांहीं मांडून ठेवूं नये, ही समजूत आजही पुष्कळ घरांत आहे. मुलें फार दगावत असतां ही भीति उत्पन्न व्हावी, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु तिचा परिणाम उलटा झाला. वेळेवर कांहींच तयार नसल्यामुळें आयत्या वेळीं हाताला लागेल तें फडकें घ्यावें लागे. आगाऊ तयारी करावी हा चरकाचा आदेश ग्रंथांत राहिला.

या व्यवस्थेंतील सर्वांत मोठी विसंगति सुईणीच्या बाबतींत दिसते. महाराष्ट्रांतील अनेक गांवांतून सुईणपण मांग समाजांतील स्त्रियांकडे असे. ज्या कामास वरच्या जाती विटाळ मानीत, तें काम त्यांच्याकडे सोंपविलेलें होतें. मूल झेलावयाचें त्यांनीं, नाळ कापावयाची त्यांनीं, रक्तानें भरलेले कपडे धुवावयाचे त्यांनीं. पण त्याच गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याचा अधिकार त्यांस नव्हता. नंतरच्या काळांत सुशिक्षितांनीं सुईणीच्या अस्वच्छतेवर पुष्कळ लिहिलें. ती ज्या हातांनीं आपलें मूल उचलणार, त्या हातांना आपण पाणी देतों काय, हा प्रश्न त्यांपैकीं फारच थोड्यांनीं विचारला.

या सर्वाची किंमत बाळांनीं दिली. जन्मल्यावर दोन दिवस चांगलें रडणारें व अंगावर पिणारें मूल पहिल्या आठवड्याच्या अखेरीस एकाएकीं तोंड उघडीनासें होई, त्याचें अंग ताठरे, झटके येत आणि तें जाई. हा नवजात अर्भकाचा धनुर्वात होय. पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवीची पूजा करून बाळाचें रक्षण मागण्याची आपली चाल आणि या रोगाचे दिवस यांचा मेळ पाहिला म्हणजे ती पूजा पुष्कळशी या भीतींतून वाढली असावी, असा तर्क करण्याचा मोह होतो. धनुर्वाताचा जंतु निकोलायर या जर्मन शास्त्रज्ञास १८८४ सालीं आढळला, आणि १८८९ मध्यें जपानच्या कितासातो यानें तो वेगळा काढून दाखविला. हा जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत असतो. अस्वच्छ हत्यारानें कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली राख किंवा शेण, आणि वरून बांधलेलें मातकट फडकें, या वाटांनीं तो शरीरांत शिरतो. त्याचीं बीजें इतकीं चिवट असतात कीं, साधें उकळतें पाणीही त्यांस नेहमीं पुरें पडत नाहीं. दाबाखालील वाफेनें १२१ अंश उष्णता कांहीं मिनिटें दिली म्हणजे तीं मरतात. यावरून नाळेवर ठेवावयाचें कापड केवळ धुतलेलें असून भागत नाहीं, हें ध्यानांत येईल.

परंतु असें अज्ञान आपल्याच देशांत होतें असें कोणी समजूं नये. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत १८४६ सालीं, जेथें वैद्यकाचे विद्यार्थी शिकत त्या पहिल्या विभागांत, बाळंत झालेल्या ४०१० स्त्रियांपैकीं ४५९ मरण पावल्या. सुइणींच्या हातांतील दुसऱ्या विभागांत हें प्रमाण शेंकडा तीनाहूनही कमी होतें. शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें धुण्याचा नियम सेमेलवाइस यानें १८४७ च्या मे महिन्यांत घातला, आणि १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यु शेंकडा सव्वावर आले. पुढें पेस्टच्या विद्यापीठांत प्राध्यापक असतां त्याच्या विभागांत बाळंतज्वर पुन्हा उसळला, तेव्हां त्यानें दोष शोधून काढला तो नीट न धुतलेल्या चादरींत. रुग्णालयाचे अधिकारी धुलाईवर काटकसर करीत होते. तेथें विटाळ नव्हता, सोयर नव्हतें. पण बाळंतिणीच्या कपड्यावर पैसा कशाला घालवावा, ही वृत्ति मात्र आपल्या ओळखीचीच होती.

आपल्याकडे या प्रश्नास तोंड फोडलें तें मुख्यतः स्त्रियांनीं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांस चौदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो दहा दिवसांतच गेला. पुढें १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ मध्यें पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या खोलींत आपलें मूल गेलें त्या खोलीचाच त्यांनीं अभ्यास केला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. डफरिन फंड १८८५ सालीं निघाला. मुंबईस स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय १८८६ मध्यें उघडलें. सुइणींच्या शिक्षणासाठीं १९०३ सालीं व्हिक्टोरिया स्मारक निधि उभा राहिला. आणि पुण्यास १९०९ मध्यें स्थापन झालेल्या सेवासदननें ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें परिचारिका व सुइणी तयार करण्याचें काम हातीं घेतलें.

मग १९२७ साल उजाडलें. त्या वर्षीं कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईचें 'मदर इंडिया' हें पुस्तक निघालें व त्यांतील बाळंतिणीच्या खोलीचें वर्णन वाचून देशभर संताप उसळला. हेतु कुत्सित होता व निष्कर्ष अन्यायाचे होते, यांत शंका नाहीं. गांधीजींनीं त्यावर कडक टीका केली. पण प्रत्येक हिंदी मनुष्यानें तें वाचून कांहीं लाभ करून घ्यावा, असेंही त्यांनीं म्हटलें. त्याच वर्षीं २० मार्च रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील हक्क बजावला होता. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकांत निरनिराळ्या प्रकरणांत येतात. आम्हांस त्या एकाच प्रकरणाच्या वाटतात. सुईण अस्वच्छ आहे ही तक्रार पहिलींत आहे. तिला पाणी कां मिळालें नाहीं, याचें उत्तर दुसरींत आहे.

यापुढील हकीकत समाधानाची आहे. कांहीं दशकांपूर्वींपर्यंत या देशांत दर वर्षीं दीड ते दोन लाख अर्भकांस धनुर्वात होई, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गर्भवतीस द्यावयाची लस, शिकलेल्या दाया, आणि २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेनंतर रुग्णालयांत वाढलेलीं बाळंतपणें यांच्या योगानें हा आंकडा झपाट्यानें उतरला. दर जिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहून कमी अशी जी निर्मूलनाची मर्यादा ठरली आहे, तिच्याखालीं भारत आल्याचें २०१५ सालीं मान्य झालें. दायांस जे साधे नियम शिकविले गेले ते स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातें, स्वच्छ दोरा आणि बाळास व आईस गुंडाळावयास स्वच्छ कापड, असे आहेत. नखें कापलेल्या सुइणी मागणारा सुश्रुत आणि धुतलेलें, वाळलेलें वस्त्र मागणारा चरक यांस ही यादी परकी वाटली नसती. मधलीं शतकें आपण कोणत्या फेऱ्यांत घालविलीं, एवढाच विचार मनांत येतो.

आतां यंत्रांत कपडे धुतले जातात, बाजारांत सुवासिक द्रवांच्या बाटल्या मिळतात आणि बाळंतविडा तयार विकत येतो. यांतील सुगंध म्हणजे स्वच्छता नव्हे. बाजारांतून आणलेलें कोरें झबलें वापरण्यापूर्वीं धुवावें, साबणाचा अंश राहूं नये म्हणून दोनदां खळबळावें आणि उन्हांत कडक वाळवावें, हा आजीबाईंचा नियम अजूनही खरा आहे. तसेंच तयारी जन्मापूर्वींच करावी. धुतलेलीं दुपटीं पेटींत घडी करून ठेविल्यानें कोणास दृष्ट लागल्याचा दाखला नाहीं. आणि आपल्या घरीं, किंवा रुग्णालयाच्या मागील बाजूस, तीं दुपटीं व चादरी जी बाई धुते, तिला हात धुवावयास वाहतें पाणी व साबण, आणि घरीं परततांना पुरेशी मजुरी मिळते कीं नाहीं, हेंही एकदां पाहून घ्यावें. बाळाचें पहिलें वस्त्र किती स्वच्छ आहे, हें शेवटीं त्यावरूनच ठरतें.