काजूचे टरफल : व्यवसायातील पुनर्वापर

काजूबी फोडून गर काढल्यावर उरणारे कठीण, तेलकट कवच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू प्रक्रियेचे लहान-मोठे कारखाने गावोगाव आहेत. त्यामुळे टाकाऊ मालातून खर्च वाचवण्याचे आणि निसर्ग राखण्याचे इथले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हे टरफल.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो ते कुडाळ तालुक्यातील कसाल आणि भोवतालचा जांभ्या दगडाचा मुलूख काजूला चांगलाच मानवतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले हे झाड कोकणात पुरते रुळले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती दिल्यावर कलमी बागा वाढल्या.

गणित साधे आहे. 100 किलो सुक्या बीतून गर मिळतो साधारण 25 ते 30 किलो. बाकीचे बहुतेक टरफलच. कारखानदार ज्या मालाचे रोख पैसे मोजतो, त्यातला मोठा हिस्सा असा मागच्या दारी ढिगाला जातो.

कारखान्यात बी आधी बॉयलरच्या वाफेवर उकडतात. गार झाली की एकेक बी कटरच्या पात्यांमध्ये धरायची, पायाने दांडी दाबायची, कवच दुभंगले की टोकदार सळईने गर अलगद सोडवायचा. हे काम मुख्यतः बायका करतात. त्यांच्या हातांना तेल किंवा राख चोळलेली असते, कारण टरफलातला चीक लागला की कातडी सोलवटते. हाच चीक, म्हणजे टरफलाचे तेल, खरा मोलाचा. टरफलाच्या वजनाचा सुमारे पाव भाग तो असतो. त्यातले अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवल्यावर त्याचे कार्डानॉल होते आणि ते गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, रंगांत, वॉर्निशमध्ये, रेझिनमध्ये वापरतात.

टरफल थेट बॉयलरखाली घातले तर सरपणाचा खर्च नक्की वाचतो. पण त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, शेजारची वस्ती त्रासते आणि विकण्याजोगे तेल जळून जाते. ही काटकसर अर्धीच. आधी घाण्यावर तेल काढावे, मग उरलेली पेंड जाळावी. पेंडीची धग लाकडाहून कमी नसते. तेलाचे पैसे हाती येतात, सरपण विकत घ्यावे लागत नाही आणि तेवढी झाडे तुटण्यापासून वाचतात. लहान कारखान्याला स्वतःचा घाणा परवडत नाही. त्याने इतरांबरोबर टरफल एकत्र करून तेल गाळणाऱ्याला विकणे हाच व्यवहार्य मार्ग. गरावरच्या तांबड्या सालीतही टॅनिन असते; ते कातडी कमावण्याच्या कामी येते.

काजूच्या बोंडूंच्या बाबतीत मात्र कोकण मागे आहे. गोव्यात त्यांची फेणी होते आणि तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इकडे बीच्या कितीतरी पट वजनाची ही रसाळ फळे बहुतांशी झाडाखालीच कुजतात. नारळाची स्थिती बरी. सोडणाचा काथ्या होतो, काथ्याचा भुसा रोपवाटिकांत जातो, करवंटीचा कोळसा होतो.

असा पुनर्वापर साधायचा तर टाकाऊ माल आधी वेगळा ठेवावा लागतो. या वर्गीकरणाचा धडा जिल्ह्यातच मिळतो. वेंगुर्ला नगरपरिषदेने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांसाठी वापरला. त्यासाठी कचरा मुळातच वेगळा ठेवावा लागला.

काजू कारखान्यांनाही हेच लागू आहे. टरफल फोडणीच्या जागीच वेगळ्या पोत्यांत भरावे, त्यात माती आणि प्लास्टिक मिसळू देऊ नये आणि पावसाआधी ते छपराखाली हलवावे.