महामार्ग ओलांडणारे नाशिक

तपोवनातून रामकुंडाकडे पायी निघालेल्या यात्रेकरूच्या वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग आडवा येतो. ही पायवाट महामार्गाहून फार जुनी. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंचे आखाडे तपोवनात उतरतात आणि स्नान रामकुंडावर होते, म्हणून दर बारा वर्षांनी लाखो पावले याच वाटेने जातात. महामार्ग मागाहून आला.

इंग्रजी अमलात मुंबईहून थळ घाट चढून आग्र्याकडे जाणारा रस्ता बांधला गेला. गावातली गोदावरी ओलांडायला १८९५ मध्ये व्हिक्टोरिया पूल झाला. तोच आजचा अहिल्यादेवी होळकर पूल. रेल्वे स्थानक तर गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर पडले. गावातून तिथे जायला काही दशके ट्राम होती, आधी घोड्यांची. मेन रोडवर टांगे, बैलगाड्या आणि माणसे एकाच चालीने चालत. रस्ता ‘ओलांडणे’ हे वेगळे काम नव्हते.

ते काम झाले गाव वाढल्यावर. १९६२ मध्ये सातपूरला औद्योगिक वसाहत आली, पुढे अंबडची. कामगारांसाठी सिडकोने घरांच्या योजना राबवल्या. त्या घरांच्या वसाहतीचे कागदावरचे नाव ‘नवीन नाशिक’, पण रिक्षावाल्याला आजही ‘सिडको’च सांगावे लागते. १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाली. महामार्गाच्या एका अंगाला सिडको आणि गोविंदनगर, दुसऱ्या अंगाला इंदिरानगर आणि पाथर्डी, अशी वस्ती दाटत गेली. २००१ मध्ये पावणेअकरा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १४ लाख ८६ हजारांवर पोचली. गावाबाहेरचा महामार्ग आता गावाच्या मधोमध होता. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शाळा, मंडई किंवा क्लास. मध्ये धुळ्याकडे निघालेले ट्रक.

पादचाऱ्यासाठी रस्त्यावर पट्टे आखण्याची कल्पना इंग्लंडातली. काळे-पांढरे झेब्रा पट्टे तिथे १९५१ मध्ये अधिकृत झाले. भारतात १९८९ च्या वाहतूक नियमांनी सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या पट्ट्यावर पादचाऱ्याला अग्रहक्क दिला. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचारी सोयींसाठी मार्गदर्शिका काढली ती १९८८ मध्ये, आणि २०१२ मध्ये ती सुधारली. त्यामागचा हिशोब सरळ आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार करतो. पिशवी घेतलेल्या आजीबाईंना, वेग ०.८ मीटर धरला, तर पंधरा सेकंद लागतात. सिग्नल दहा सेकंदांचा असेल तर त्यांना दुभाजकाशी थांबावेच लागणार. तिथे उभे राहण्यापुरता चौथरा आहे की नाही, यावर पुढचे सगळे ठरते.

नाशिकचे मोठे बांधकाम मात्र वाहनाच्या वेगासाठी झाले. महामार्ग रुंद झाला आणि २०१३ मध्ये शहरावरून सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. लांब पल्ल्याची वाहने वर गेली, हा फायदा खराच. पण खालच्या चौकांत शहराची स्वतःची वाहतूक उरली, आणि ती कमी नव्हती. इंदिरानगर आणि गोविंदनगर जोडणारा ‘बोगदा’ कोंडीसाठी शहरभर प्रसिद्ध झाला. तिथे चालणाऱ्याच्या वाट्याला उरते ती भिंतीकडेची जागा, तीही दुचाकीने सोडली तर.

द्वारका चौक हा याहून बोलका नमुना. आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथे मिळतात. पादचाऱ्यांसाठी इथे भुयारी मार्ग बांधला, पण तो फारसा वापरात आला नाही. त्यात पादचाऱ्यांचा हट्ट शोधण्याचे कारण नाही. समोरच्या फुटपाथवर जाण्यासाठी पायऱ्या उतरा, अंधाऱ्या वाटेने फिरा, पुन्हा पायऱ्या चढा. त्यापेक्षा वरून, हात दाखवत, धावत जाणे पायाला सोपे वाटते. पाय जवळची वाट धरतात. दुभाजकावर लोखंडी जाळी बसवली की काही दिवसांत तिचे दोन गज वाकलेले दिसतात, आणि समोर रिक्षाथांबा असतो. पट्टा कुठे आखायचा हे त्या वाकलेल्या गजांइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही.

शहराची २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवड झाल्यावर त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधला गेला. त्यात मात्र फुटपाथही आराखड्याचा भाग होता.

चालणाऱ्यांच्या गर्दीचा सर्वांत कठोर धडा महामार्गावर नव्हे, गावठाणातच मिळाला होता. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या स्नानाच्या दिवशी रामकुंडाजवळच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ जण मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थात त्यामुळे नियोजनाचा रोख बदलला. बाहेरून आलेली वाहने शहराच्या वेशीवरच्या वाहनतळांवर थांबवली, तिथून एसटीच्या बस सोडल्या, आणि शेवटचे काही किलोमीटर भाविकांना पायीच जावे लागले. पर्वणीच्या दिवशी तपोवन आणि रामकुंड यांच्यामधला रस्ता चालणाऱ्यांचाच होता. पर्वणी उलटल्यावर बांबूचे कठडे निघाले आणि वाहने परतली.