गावी गेल्यावर पायांची तळमळ का कमी होते?

घरी रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत आणि बाहेरगावी मात्र शांत झोप लागते, असा अनुभव काहींना येतो. श्रेय हवापालटाला मिळते. कारण बहुधा दिनक्रमात असते.

हा विकार म्हणजे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. यात संध्याकाळनंतर, बसले किंवा पडले की पाय हलवण्याची अनिवार इच्छा होते. चालले की बरे वाटते. मेंदूला लोह कमी पडणे आणि डोपामिनच्या कार्यातील बिघाड यांच्याशी त्याचा संबंध आहे.

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचे येण्याजाण्यातच दोन-तीन तास जातात. परतताना जागा मिळाली तर नेमक्या त्रासाच्या वेळी पाय दुमडून बसावे लागते. त्यात संध्याकाळचा चहा आणि अपुरी झोप. गावी चालणे वाढते, मन गुंतते, झोप पुरते. सर्दीची क्लोरफेनिरामिनसारखी गोळी घरीच राहिली, तर तेही कारण असू शकते. अशा गोळ्या त्रास वाढवतात.

उलटही घडते. रात्रभराचा बसप्रवास त्रासदायक ठरतो आणि गाडी लागू नये म्हणून घेतलेले प्रोमेथाझिन त्यात भर घालते.

म्हणून बाहेरगावी काय बदलले ते लिहून डॉक्टरांना दाखवावे. फेरिटिनची तपासणीही करावी. ते ७५ किंवा त्याहून कमी असल्यास डॉक्टर अनेकदा लोह देतात. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. नैराश्यावरील काही औषधांनीही हा त्रास वाढतो, पण ती परस्पर बंद करणे धोक्याचे.