रांगेतला संघ आणि हुकलेला गोल : मैदानावरील छायाचित्रणाचा इतिहास

१/१८
२९ जुलै १९११. कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. या विजयाचे आज सर्वांच्या परिचयाचे असलेले छायाचित्र मात्र गोलचे नाही. ते कॅमेऱ्यासमोर रांगेत स्थिर झालेल्या संघाचे आहे. असे का झाले?

२/१८
या प्रश्नाचे उत्तर शोधताना छायाचित्रणाचा दीडशे वर्षांचा इतिहास उलगडतो. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या एखाद्या शालेय मैदानावर मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या हौशी छायाचित्रकारालाही तो उपयोगी पडतो, कारण १९११ मधल्या अडचणी त्याच्यापुढे आजही वेगळ्या रूपात उभ्या आहेत.

३/१८
छायाचित्रण भारतात लवकर रुजले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील आघाडीचे भारतीय छायाचित्रकार. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. प्रकाश पडू देण्याचा काळ सेकंदांत मोजला जाई. हललेला माणूस चित्रात धुरकट होई किंवा उमटतच नसे.

४/१८
समूहचित्राची शिस्त येथूनच आली : पुढची रांग बसलेली, मागची उभी, हात स्थिर, नजर समोर. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला, तोवर अधिक वेगवान कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या. तरीही जड कॅमेरा आणि तिपाई घेऊन चेंडूमागे धावणे शक्य नव्हते. सामन्याच्या आधी किंवा नंतर संघाला रांगेत उभे करणे हाच खात्रीचा मार्ग होता.

५/१८
गती पकडण्याचा पहिला मोठा प्रयोग घोड्यावर झाला. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडले आणि वाटेत दोरे ताणले. धावणाऱ्या घोड्याने दोरा ओढला की त्या ठिकाणचा कॅमेरा चाले. चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात, हे त्यातून सिद्ध झाले. येथे छायाचित्रकार घोड्यामागे धावला नाही. घोडा कुठून जाणार हे त्याला ठाऊक होते.

६/१८
पुढे १८८८ मध्ये जर्मनीच्या ओटोमार आन्शुट्झ यांनी फोकल प्लेन शटरचे पेटंट घेतले. हे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत पोहोचू शकत होते. त्याचे महत्त्व साध्या गणिताने कळते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारा चेंडू सेकंदाला २० मीटर कापतो. १/६० सेकंदात तो ३३ सेंटिमीटर पुढे जातो, १/५०० मध्ये ४ सेंटिमीटर आणि १/१००० मध्ये अवघे २.

७/१८
म्हणजे १/६० वर चेंडूची रेघ उमटते आणि १/१००० वर तो गोल दिसतो. मात्र शटर जितके झटपट मिटते, तितका प्रकाश कमी आत येतो. वेग हवा तर ऊन हवे, ऊन नसेल तर वेग सोडावा लागतो. छायाचित्रकाराची ही ओढाताण आजही संपलेली नाही.

८/१८
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांकडे स्पीड ग्राफिकसारखे मोठे कॅमेरे असत. एक चित्र घेतले की फिल्मधारक उलटावा किंवा बदलावा लागे. तेवढ्या वेळात गोल होऊन चेंडू मध्यरेषेवर परतलेला असे. म्हणून अनेक जण गोलच्या आसपास ठाण मांडत, फोकस आधीच एका जागेवर लावून ठेवत आणि खेळ त्या जागी येण्याची वाट पाहत.

९/१८
मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्याही हाती स्पीड ग्राफिक होता. त्यांचे विषय प्रामुख्याने राजकीय व सामाजिक होते, पण शिस्त तीच : चौकटी मोजक्या, म्हणून बोट दाबण्यापूर्वीचे निरीक्षण दीर्घ.

१०/१८
१९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि खिशात मावणाऱ्या यंत्रात ३६ चौकटींचा रोल बसला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चित्रपटाच्या कॅमेऱ्यांसाठी मैदानात खड्डे खणले गेले. खालून पाहिल्यावर खेळाडूमागची गर्दी नाहीशी होते आणि त्याची झेप आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. १९५९ च्या निकॉन एफला जोडता येणाऱ्या मोटरमुळे सेकंदाला तीन-चार चौकटी घेणे शक्य झाले.

११/१८
अशा तयारीचे मोल २२ जून १९८६ रोजी जगाला कळले. मेक्सिको सिटीत विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात मॅराडोनाने हाताने चेंडू जाळ्यात ढकलला आणि पंचांनी गोल दिला. पंचांच्या मदतीला व्हिडिओ नव्हता. पण एका मेक्सिकन छायाचित्रकाराच्या चौकटीत मॅराडोनाचा हात चेंडूला लागलेला स्पष्ट दिसला. ऑटोफोकस तेव्हा नुकताच बाजारात येत होता. चेंडू कुठे उतरणार याचा अंदाज माणसालाच बांधावा लागे.

१२/१८
आता विदर्भाकडे वळू. मायब्रिज यांच्या दोऱ्याचा प्रवास जंगलातही झाला. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी वाघाच्या वाटेवर तार लावली. वाघाचा स्पर्श होताच फ्लॅश पेटे आणि चित्र उमटे. आज ताडोबासह देशभरच्या व्याघ्रगणनेत वापरले जाणारे कॅमेरा ट्रॅप याच कल्पनेचे वारस आहेत. तारेची जागा संवेदकाने घेतली, एवढाच फरक.

१३/१८
ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथील अनुभवी वाटाड्या वाघामागे गाडी पळवत नाही. तो वानराचे खेकसणे आणि चितळाचा इशारा ऐकतो, ओल्या मातीतल्या ठशांची दिशा पाहतो आणि वाघ रस्ता कुठे ओलांडेल याचा अंदाज घेऊन आधीच तेथे थांबतो. पहाटेच्या मंद उजेडात भिंग त्या जागेवर रोखलेले असते. मायब्रिज यांनी घोड्यासाठी हेच केले होते.

१४/१८
फुटबॉललाही असे ठसे असतात. बचावपटूने मान वळवली की लांब पास येणार. विंगेवरच्या खेळाडूने डोके वर केले की चेंडू गोलसमोर पडणार. कॉर्नर किकच्या वेळी उंच खेळाडू कोणत्या खांबाकडे सरकतो ते पाहावे. नवशिका चेंडू पाहतो आणि बोट दाबेपर्यंत क्षण गमावतो. जाणकार चेंडू ज्याच्याकडे जाणार त्याचा चेहरा पाहतो.

१५/१८
मोबाइल हाती असलेला विद्यार्थी खरे तर १९२० च्या छायाचित्रकाराचा सहोदर आहे. त्याचे संवेदक लहान, म्हणून प्रकाशाची चणचण. बहुतेक मोबाइलमध्ये चिमटीने फार मोठे केलेले चित्र म्हणजे कापून ताणलेला तुकडा असतो. उपायही जुनाच : झूम सोडून गोलरेषेजवळ, खेळाडूंना अडथळा होणार नाही अशा कोपऱ्यात बसावे. एका गुडघ्यावर बसले की बर्लिनच्या खड्ड्याचा थोडा लाभ मिळतो. पाठीमागे झाडांची काळी रांग असेल तर जर्सी उठून दिसते, उभ्या मोटारसायकली असतील तर हरवते.

१६/१८
उजेडाबाबत पूर्व विदर्भाची स्वतःची अडचण आहे. साऱ्या देशाचे घड्याळ एक असले, तरी गडचिरोलीत सूर्य मुंबईच्या सुमारे पंचवीस ते तीस मिनिटे आधी मावळतो. उन्हाळ्यात दुपारचे ऊन इतके प्रखर की खेळ सकाळी वा संध्याकाळीच होतो. सायंकाळी सुरू झालेल्या सामन्याचा उत्तरार्ध अंधुक उजेडात जातो. म्हणून १/१००० ची चित्रे पूर्वार्धातच घ्यावीत. उजेड ओसरल्यावर धावपळीचा नाद सोडून थांबलेले क्षण टिपावेत : पेनल्टीपूर्वीचा गोलरक्षक, बाकावरचा राखीव खेळाडू, शिटीनंतरची मिठी.

१७/१८
चित्र घेऊन काम संपत नाही. इतिहासकाराला चित्रामागची ओळ हवी असते : तारीख, गाव, स्पर्धा, दोन्ही संघ, खेळाडूंची नावे. या भागात ती अधिकच हवी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. जुन्या चित्रामागे नुसते ‘चंद्रपूर जिल्हा’ किंवा त्याआधीचे ‘चांदा’ असेल, तर ते गाव आज कोणत्या जिल्ह्यात शोधावे? लहान मुलांची चित्रे सर्वत्र पाठवण्यापूर्वी शाळेची व पालकांची संमती घेणेही याच जबाबदारीचा भाग आहे.

१८/१८
१९११ च्या त्या अकरा जणांची नावे आज ठाऊक आहेत, कारण त्यांच्या विजयाला सारे शहर साक्षी होते. तालुक्याच्या मैदानावरील सामन्याला असे भाग्य क्वचितच लाभते. तेथील गोल पाहणारे शंभर-दोनशे जण पांगले की तो केवळ आठवणीत उरतो आणि आठवण माणसांबरोबर जाते. त्या वेळी गोलरेषेजवळ एका गुडघ्यावर बसलेले कोणी असेल, तर पुढच्या पिढीला रांगेतल्या संघासोबत तो गोलही पाहता येईल.