रिबा, त्याचे भाष्यकार आणि पेढीवरील पहारा

तुर्की सुलतान सुलेमान याच्या कारकीर्दींत, इ. स. १५४८ सालीं, इस्तंबूलच्या दरबारांतून एक फर्मान निघालें. मशिदी, मदरसे आणि अन्नछत्रें यांच्या खर्चासाठीं लोकांनीं जी रोकड धर्मार्थ बांधून ठेविली होती, ती नफ्यावर कर्जाऊ देण्यास थोड्याच वर्षांपूर्वीं मनाई झाली होती. ती मनाई या फर्मानानें उठली. वरवर पाहतां ही बाब एखाद्या हिशेबनिसाच्या दप्तरांतली वाटेल. परंतु तिच्यामागें विद्वानांचा जो वाद उभा होता, तो त्या फर्मानानें संपला नाहीं. आज कैरो व दुबई येथील बँकांवर जे धर्मपंडित देखरेखीसाठीं नेमलेले असतात, त्यांच्यापुढेंही तोच वाद निराळ्या पोशाखांत उभा आहे.

वादाचें मूळ एका शब्दांत आहे. कुराणानें 'रिबा' निषिद्ध ठरविला. या अरबी शब्दाचा साधा अर्थ 'वाढ'. व्यापार काय आणि रिबा काय, दोन्ही सारखेंच, असें म्हणणारांना दुसऱ्या अध्यायांत उत्तर दिलेलें आहे कीं, ईश्वरानें व्यापारास मोकळीक दिली आणि रिबा वर्ज्य केला. धनकोनें आपलें मुद्दल तेवढें घ्यावें, ऋणको अडचणींत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि जो हें मानणार नाहीं त्याला ईश्वर व त्याचा प्रेषित यांच्याकडून युद्धाचा इशारा, असा त्या वचनांचा भावार्थ आहे. तिसऱ्या अध्यायांत मात्र हाच निषेध सांगतांना रिबा दुपटी-दुपटीनें वाढत जातो, असा उल्लेख केलेला आहे. हा लहानसा उल्लेख पुढें फार मोठ्या कामाला आला.

इस्लामपूर्व अरबस्तानांतील रीत जुन्या भाष्यकारांनीं सांगितली आहे. मुदत भरली म्हणजे सावकार ऋणकोला विचारी : देतोस, कीं वाढवितोस? देण्याची ऐपत नसली कीं रक्कम वाढे आणि मुदत पुढें जाई. थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेणारा सावकार ज्यांनीं पाहिला किंवा ऐकला आहे, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. तर मग निषेध या पिळवणुकीचाच समजावयाचा, कीं मुद्दलापेक्षां एक कवडीही अधिक घेण्याचा? परंपरा सांगते कीं, या वचनाचा पुरता खुलासा होण्यापूर्वींच पैगंबर निवर्तले, याची खंत खलिफा उमर यांना वाटत असे. जेथें उमर यांच्यासारखा पुरुष अडखळला, तेथें पुढील पिढ्यांत मतभेद व्हावेत यांत आश्चर्य तें काय?

कुराणाच्या जोडीला हदीस आली. सोनें, चांदी, गहूं, जव, खजूर आणि मीठ या सहा जिनसांची आपसांत अदलाबदल करतांना सारख्यास सारखें आणि हातोहात द्यावें, असें पैगंबरांचें सांगणें म्हणून नमूद आहे. पण नियम या सहांनाच लागू, कीं त्यांच्यासारख्या इतर मालासही? अकराव्या शतकांत स्पेनमध्यें होऊन गेलेला इब्न हज्म हा शब्दाला धरून चालणारा. त्यानें सहांच्या पलीकडे पाऊल टाकण्याचें नाकारलें. इतरांनीं निषेधामागील कारण शोधलें. हनफी पंडित म्हणाले, वजनानें व मापानें विकला जाणारा सारा माल यांत आला. शाफई म्हणाले, कारण एका बाजूस चलन व दुसऱ्या बाजूस अन्न हें होय. त्यामुळें लोखंड हनफींच्या मतें नियमांत सांपडतें, शाफईंच्या मतें सुटतें. धर्मशास्त्र आणि तर्कशास्त्र यांची अशी सांगड आपल्याकडील मीमांसकांनाही आवडली असती.

आतां पुन्हां इस्तंबूलकडे. तुर्की राज्य हनफी मताचें. तेथें पंधराव्या शतकापासून 'रोकड वक्फ' ही चाल वाढली. वक्फ म्हणजे कायमचें धर्मार्थ दान. तें सामान्यतः जमीन, विहीर, दुकान अशा टिकाऊ वस्तूचें. परंतु शहरांतल्या मध्यम स्थितीच्या माणसापाशीं जमीन कोठून असणार? तो हजार-दोन हजार नाणीं बाजूला काढी. मुतवल्ली तीं गरजूंना कर्जाऊ देई, आणि जो फायदा येई त्यांतून इमामाचें वेतन, मुलांची शाळा किंवा मशिदींतला दिवा चाले. बुर्सा शहराच्या न्यायालयीन दप्तरांवरून हा फायदा साधारणपणें शेंकडा दहाच्या आसपास असल्याचें दिसतें. मुतवल्लीचे हिशेब काजी तपाशी.

यांत उघड व्याज मात्र कोणी घेत नसे. ऋणको आपलें घर वक्फाला 'विकी', त्याच घरांत भाडेकरू म्हणून राही, वर्षाचें 'भाडें' देई, आणि मुद्दल फेडलें कीं घर पुन्हां त्याचें होई. घरांतलें एक भांडेंही जागचें हालत नसे. कागदावर विक्री होती, भाडें होतें. व्याज हा शब्द कोठेंही नव्हता.

चिवीजादे मुहिउद्दीन या पंडिताला हें मान्य नव्हतें. तो पूर्वीं शेख-उल्-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचा प्रमुख मुफ्ती होता. १५४२ सालीं पदावरून दूर झाला. पुढें रुमेलियाचा मुख्य न्यायाधीश म्हणून परत येतांच त्यानें रोकड वक्फांवर मनाई आणविली. नाणें खर्चल्यानें नाहींसें होतें, मग तें कायमचें दान कसें ठरेल, हा त्याचा पहिला आक्षेप; आणि त्यावरचा फायदा हा रिबाच, हा दुसरा. त्याला उत्तर दिलें तें १५४५ सालीं शेख-उल्-इस्लाम झालेल्या अबुस्सऊद यानें. अबू हनीफाचा शिष्य मुहम्मद शैबानी यानें लोकरूढीनें मान्य केलेल्या जंगम वस्तूंचा वक्फ ग्राह्य मानला होता, आणि तुर्की मुलखांत रोकड वक्फाची रूढी तर घरोघर पसरलेली होती. अबुस्सऊदानें हें प्रमाण पुढें केलें, आणि मनाई राहिली तर असंख्य धर्मादाय संस्था बुडतील हेंही बजाविलें. सोफियाचा एक सूफी साधु, बाली एफेंदी, यानें तर थेट सुलतानालाच पत्र लिहून मशिदींच्या होणाऱ्या दुर्दशेविषयीं गाऱ्हाणें घातलें. चिवीजादे १५४७ सालीं वारला, आणि पुढील वर्षीं मनाई उठली.

व्यवहार जिंकला, परंतु वादाची खरी धार एका खेड्यावजा गांवांतून आली. बिर्गी येथील मदरशांत शिकविणारा मुहम्मद बिर्गिवी हा दरबारापासून दूर राहणारा मनुष्य. तरुणपणीं त्यानें एदिर्ने येथें वारसांच्या मिळकतीची वांटणी करून देणाऱ्या अधिकाऱ्याचें काम केलें होतें. नोकरी सोडल्यावर त्यानें तेथें घेतलेलें शुल्क ज्याचें त्याला परत केलें, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. अशा माणसानें आयुष्याच्या अखेरीस रोकड वक्फाविरुद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हां त्याला गप्प बसविणें सोपें नव्हतें. त्याचें म्हणणें सरळ होतें : पुण्य जोडण्यासाठीं दिलेलें दान पापाच्या मार्गानें फळत असेल, तर दात्याला त्याचा लाभ कोणता? १५७३ सालीं तो वारला. वक्फ चालूच राहिले, आणि त्याचा ग्रंथही वाचला जात राहिला. अबुस्सऊदाची बुद्धि तीव्र होती यांत शंका नाहीं. पण अशा वादांत बुद्धीपेक्षां, परत केलेल्या पैशांचें वजन अधिक भरतें.

यानंतर तीनशें वर्षांनीं बँका आल्या. १९०१ सालीं इजिप्तच्या टपाल खात्यानें बचत बँक उघडली. तीन हजारांवर ठेवीदारांनीं व्याज घेण्यास नकार दिला, आणि सरकार पेचांत पडलें. त्या वेळचा प्रमुख मुफ्ती मुहम्मद अब्दूह हा सुधारक वृत्तीचा. त्याची भूमिका त्याचा शिष्य रशीद रिदा याच्या 'अल्-मनार' मासिकावरून कळते. ठेवींची रक्कम मुदारबा या जुन्या भागीदारीच्या धर्तीवर गुंतवावी, असा मार्ग पुढें आला. मुदारबांत एकाचें भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणांत वांटावयाचा, तोटा भांडवलवाल्यानें सोसावयाचा. त्यानुसार १९०४ सालीं टपाल बँकेचे नियम बदलण्यांत आले.

तिसऱ्या अध्यायांतील त्या दुपटीच्या उल्लेखाचा उपयोग कायदेपंडितांनीं केला. १९४९ सालीं अमलांत आलेला इजिप्तचा दिवाणी कायदा अब्दुर्रझ्झाक सन्हूरी यानें घडविला. त्यानें व्याज पुरतें बंद केलें नाहीं. कराराचें व्याज शेंकडा सातांवर जाऊं दिलें नाहीं, चक्रवाढ व्याज सर्वसाधारणपणें मना केलें, आणि एकंदर व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये असा दंडक घातला. हा तर आपल्या परिचयाचा दामदुपटाचाच नियम! स्मृतिकारांनीं सांगितलेला आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं हिंदु ऋणकोच्या बाबतींत उचलून धरलेला तो नियम नाईल नदीच्या कांठीं निराळ्याच वाटेनें पोंचला, याची मौज वाटते. पण कैरोच्या उलेमांचें त्यानें समाधान झालें नाहीं. १९६५ सालीं अल्-अझहरच्या इस्लामी संशोधन परिषदेनें ठराव केला कीं, कर्ज पोटासाठीं असो वा धंद्यासाठीं, व्याज थोडें असो वा फार, तें रिबाच होय.

मग बिनव्याजी बँक काढावयाची कशी? जर्मनींत शिकून आलेला अहमद अल्-नज्जार यानें १९६३ सालीं नाईलच्या त्रिभुज प्रदेशांतील मीत घम्र या गांवीं त्याचें उत्तर शोधलें. तेथील लहान शेतकऱ्यांची बचत गोळा करून ती बिनव्याजी व भागीदारीनें वापरणारी संस्था त्यानें उभी केली. ती थोडींच वर्षें चालली. तरी जें आजवर पोथींत होतें तें गांवच्या पेठेंत चालूं शकतें, एवढें तिनें दाखविलें. पुढें तेलाचा पैसा आला, आणि दुबईस १९७५ सालीं व कैरोस १९७७ सालीं मोठ्या इस्लामी बँका स्थापन झाल्या.

या बँकांबरोबर एक नवा अधिकारी आला : शरियतचें देखरेख मंडळ. प्रत्येक करार त्याच्यापुढें यावयाचा व त्याच्या संमतीवांचून अमलांत यावयाचा नाहीं. बहरीन येथें १९९१ सालीं नोंदलेल्या, इस्लामी बँकांच्या हिशेबांचे दंडक ठरविणाऱ्या संस्थेनें मंडळांत निदान तीन पंडित असावेत, ते बँकेचे नोकर नसावेत आणि त्यांची नेमणूक भागधारकांच्या सभेनें करावी, असें सांगून ठेविलें आहे. नियम चांगला आहे. परंतु मानधन बँकेकडूनच येतें. काजीला मुतवल्ली वेतन देत नव्हता. येथें ज्याच्यावर पहारा करावयाचा त्याच्याच तिजोरींतून पहारेकऱ्याला मोबदला मिळतो. आणि बँकांचा मुख्य व्यवहार पाहिला तर तो मुराबहाचा : गिऱ्हाइकास हवी ती वस्तु बँक विकत घेते आणि जाहीर नफा चढवून त्याला हप्त्यांनीं विकते. माल खरोखर बँकेच्या जोखमींत आला असेल तर हा व्यापार. केवळ कागदावरून फिरला असेल तर बुर्सांतलें तें न हाललेलें घर पुन्हां आठवतें.

सगळेच पहारेकरी झोंपले नाहींत. कराचीचे मुहम्मद तकी उस्मानी हे त्या बहरीनच्या संस्थेच्या पंडितमंडळाचे अध्यक्ष असतांना, २००७ सालीं, त्यांनीं बाजारांतील बहुसंख्य 'सुकूक', म्हणजे इस्लामी रोखे, शास्त्राला धरून नाहींत असें सांगून टाकलें, आणि पुढच्याच वर्षीं त्या संस्थेनें नियम आवळले. ज्या रोख्यांवर त्यांचा आक्षेप होता, त्यांवरही कोणा ना कोणा पंडितांच्या सह्या होत्याच.

इजिप्तमध्यें तर वाद उलट्या दिशेनें वळला. इस्लामी म्हणविणाऱ्या, पण कोणाचीच देखरेख नसलेल्या कांहीं गुंतवणूक कंपन्या १९८८ च्या सुमारास बुडाल्या आणि असंख्य कुटुंबांची पुंजी गेली. पुढच्याच वर्षीं प्रमुख मुफ्ती मुहम्मद सय्यिद तन्तावी यांनीं सरकारी बँकेच्या ठराविक फायद्याच्या गुंतवणूक-प्रमाणपत्रांना मान्यता दिली. ठेवीदार कर्ज देत नाहीं, तो बँकेस आपला मुखत्यार नेमतो, असा त्यांचा आशय. फायदा आगाऊ ठरल्यानें ठेवीदाराचें उलट रक्षणच होतें, असें ते म्हणत. २००२ सालीं, ते अल्-अझहरचे शेख असतांना, त्या संशोधन परिषदेनेंही हेंच मत स्वीकारलें. १९६५ चा ठराव त्याच परिषदेचा होता. पुढच्या जानेवारींत दोहा येथें जमलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्‌ह परिषदेनें तें मत फेटाळलें.

१९७७ ची ती इस्लामी बँक आणि तन्तावींनीं मान्यता दिलेली प्रमाणपत्रें काढणारी सरकारी बँक, दोन्ही कैरो शहरांत आहेत. एकीचा ठेवीदार नफ्याचा हिशेब होईपर्यंत थांबतो, दुसरीच्या ठेवीदाराला आंकडा आधींच ठाऊक असतो. आणि आपला पैसा शुद्ध असल्याचा निर्वाळा दोघांपाशींही आहे.