पहिल्या लग्नाची साक्ष

"सर, माझे पहिले लग्न खरे होते, एवढे लिहून द्याल का?"

गेल्या पाडव्याच्या सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे विचारले आणि माझ्या हातातली चकली हातातच राहिली. त्याच्या पहिल्या लग्नात मी अक्षता टाकल्या होत्या. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, तिथली नागरिक. तिच्यामागोमाग हा न्यू जर्सीला गेला, तिथला कायम रहिवासी झाला, आणि तिसऱ्या वर्षी दोघांचे बिनसून घटस्फोट झाला. आता इकडच्या एका मुलीशी त्याचे पुन्हा लग्न झाले आहे. प्रश्न तिला तिकडे न्यायचा. ती यायची, तर आधी मोडलेल्या संसाराचा खरेपणा सिद्ध व्हायला हवा!

वाचकहो, हे ऐकून तुम्हांलाही माझ्यासारखे नवल वाटेल. आपल्याकडे अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली की संसार संपे आणि पाट लावायला वाट मोकळी होई. पांढरपेशा घरातल्या बाईला तेवढीही मोकळीक नव्हती. तिच्यासाठी मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा व्हावा लागला, आणि पुढे १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. परंतु मोडलेले लग्न मुळात खरे होते की खोटे, असे काही आपल्या पंचांनी कधी विचारले नाही. अमेरिकेच्या सरकारला ते का विचारावेसे वाटले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

नवरा पुढे गेला की बायकोने मागून जावे, ही रीत तिकडेही जुनीच. १९०७-०८ साली जपानने अमेरिकेशी समझोता करून मजुरांना तिकडे पाठवणे थांबवले. पण तिथे असलेल्यांच्या बायकांना वाट मोकळी राहिली. मग एकमेकांची छायाचित्रे पाहून लग्ने ठरू लागली. वधू जपानात, वर कॅलिफोर्नियात, आणि लग्न कागदोपत्री! बंदरावर उतरून, हातातल्या छायाचित्राशी समोरचा चेहरा ताडून बायका नवरा शोधीत. छायाचित्र दहा वर्षांपूर्वीचे निघाले की रडत. पण संसार मात्र करीत. लोकांच्या ओरडीमुळे १९२० साली हेही बंद झाले. हिंदुस्थानचे दार तर १९१७ च्या कायद्याने आधीच लावून घेतले होते. १९४६ साली ते किलकिले झाले, ते वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरते.

मग आले दुसरे महायुद्ध. सैनिकांनी परमुलखात लग्ने केली, म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये त्यांच्या जोडीदारांसाठी खास कायदा झाला. या उदार दारातूनच लबाडी आत शिरली. १९४७ साली पॅरिसमध्ये पोलंडहून परागंदा झालेले एक कुटुंब राहत होते. शिकागोतल्या त्यांच्या बहिणीने त्यांना आणण्याची युक्ती काढली. लुटवाक नावाच्या, सैन्यातून परतलेल्या भाच्याने आपल्या मामाच्या बायकोशीच लग्न लावले! दोघा भावांसाठी सैन्यात नोकरी केलेल्या दोन स्त्रिया पैसे देऊन ठरवल्या. अमेरिकेत पाऊल ठेवताच साऱ्यांनी वेगळे व्हायचे, असा करार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५३ साली शिक्षा कायम झाली. न्यायालय म्हणाले, विधी फ्रान्सच्या कायद्याने यथासांग झाला की नाही, हा मुद्दाच नव्हे. नवराबायको म्हणून एकत्र नांदण्याचा हेतू होता का, ते सांगा.

त्या दिवसापासून सरकार लग्नाचा दाखला सोडून मनातला हेतू शोधू लागले. १९६५ च्या कायद्याने आपल्या लोकांना दार खऱ्या अर्थाने उघडले. डॉक्टर गेले, इंजिनियर गेले, मागाहून त्यांच्या बायका गेल्या. लग्ने वाढली तसा संशयही वाढला. तिथल्या इमिग्रेशन खात्याने १९८५ साली सांगितले, की अशा लग्नांपैकी ३० टक्के खोटी असावीत. हा आकडा कच्च्या पायावर उभा होता, हे पुढे न्यायालयात उघड झाले. पण तोवर कायदा होऊन गेला होता. १० नोव्हेंबर १९८६ रोजी तो अमलात आला. लग्न नवे असेल, तर येणाऱ्याला आधी दोन वर्षांचा सशर्त परवाना मिळू लागला.

त्याच कायद्यात माझ्या विद्यार्थ्याला अडवणारे कलम आहे. लग्नामुळे कायम रहिवासी झालेल्या माणसाने पुढल्या पाच वर्षांच्या आत नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर पहिले लग्न केवळ परवान्यासाठी नव्हते, हे त्याने स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवावे. पहिला जोडीदार वारला असेल, तर ही अट नाही. नोकरीवर गेलेल्यालाही ती नाही. सरकारला भीती एवढीच, की गावी एक बायको ठेवायची, तिकडच्या नागरिकाशी लग्न लावून परवाना घ्यायचा, काडीमोड करायची आणि मग मूळचीला बोलवायचे. असे करणारे निघाले, हेही नाकारता येत नाही. पाच वर्षे थांबले किंवा नागरिकत्व मिळाले, की हे कलम आड येत नाही. पण चाळिशीला टेकलेल्या माणसाला थांबा म्हणणे सोपे नाही.

पुरावा कसला? दोघांच्या नावचे घरभाडे, एकत्र बँकखाते, विम्याचे कागद, छायाचित्रे, जाणत्यांच्या साक्षी. त्याच्या आईने तर घटस्फोटानंतर रागाने लग्नाचा अल्बम माळ्यावर फेकून दिला होता. तीच माउली दिवाळीच्या साफसफाईत तो शोधीत होती! जिचे नाव घरात काढायचे नाही, तिच्याच मेंदीभरल्या हातांची छायाचित्रे आता नव्या सुनेच्या वाटखर्चाला लागणार होती.

तो गेल्यावर मी लिहायला बसलो. मंडपात काय पाहिले ते आठवू लागलो. मंगलाष्टके चालू असताना वधूच्या डोळ्यांत धूर गेला होता, आणि अंतरपाट धरलेला असूनही या पठ्ठ्याने खालून हळूच आपला रुमाल पुढे केला होता. तेवढेच लिहिले. खाली तारीख घातली, सही केली.

लग्न मोडले म्हणून ते खोटे ठरत नाही, हे सरकारला पटेल न पटेल. मला मात्र तो रुमाल पुरेसा वाटतो.